सातवी पासची अट

वाघमारे मॅडमचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. नगरच्या एका कॉलेजात त्या संघटनाशास्त्र शिकवायच्या. म्हणजे चार माणसं मिळून काम करतात तेव्हा कोण कुणाचं ऐकतं आणि का ऐकतं, याचा अभ्यास. आमच्या चर्चच्या त्या नव्हत्या, बौद्ध होत्या. पाळकसाहेबांनी एकदा शब्द टाकला, तेवढ्यावर महिन्यातले दोन शनिवार एसटीने राजूरला आमच्या योजनेच्या मदतीला यायला लागल्या. डबाही घरून आणायच्या. त्या नसत्या तर मी परतीच्या गाडीत बसले असते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी राजूरला चर्चच्या आरोग्य योजनेत फील्ड वर्कर होते. घर चंद्रपूरकडे, शाळा नववीत सुटलेली. चर्चच्या मागच्या खोलीत राहायचे आणि कुणी जोरात हाक मारली तरी वाटायचं, आता काढून टाकतात.

योजना साधी होती. डोंगरातल्या अकरा गावांत एकेक बाई निवडायची, तिला ट्रेनिंग द्यायचं आणि औषधांची पत्र्याची पेटी द्यायची. ताप, जुलाब, जखम, एवढ्यापुरतीच. बायकांनी दर महिन्याला पेटी घेऊन राजूरला यायचं आणि संपलेली औषधं भरून न्यायची. त्याला आम्ही रिफिल म्हणायचो.

चौथ्या महिन्यातही पेट्या उघडल्या तर अकराच्या अकरा भरलेल्या. गोळ्यांच्या पाकिटांना हातसुद्धा लागलेला नव्हता. कमिटीचे सेक्रेटरी भालेरावकाका म्हणाले, "देवाची कृपा. कुणी आजारीच पडलं नाही." मी पेट्यांची झाकणं लावत राहिले. त्याच सकाळी सरकारी दवाखान्याच्या रांगेत आमच्याच गावांतल्या दोन बायका जुलाबाने मलूल झालेली लेकरं घेऊन उभ्या होत्या. पहाटे निघून डोंगर उतरून आल्या होत्या. मीठ-साखरेची पाकिटं त्यांच्या गावातल्या पेटीत पडून होती.

मग योजनेच्या नगरच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं. पुढच्या मीटिंगला साहेब येतील. पेट्या अशाच राहिल्या तर योजना बंद. योजना बंद म्हणजे मीही बंद. घरी आईला काय सांगणार होते?

शनिवारी मॅडम आल्या. मी त्यांना आमचा चार्ट दाखवला. वर पाळकसाहेब, खाली कमिटी, मग सेक्रेटरी, मग मी, तळाला गावं. पट्टी लावून चौकोन काढलेले. त्यांनी तो नीट बघितला, चांगला काढलाय म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. कोरा कागद पुढे सरकवला.

"सुनंदा, घरात लेकरू तापलं तर बाई पहिल्यांदा कुणाच्या दारात जाते, एवढंच विचार. बाकी काही विचारायचं नाही."

पंधरा दिवस मी तेच केलं. बाजारात, एसटी स्टँडवर, पाणवठ्यावर. कागदावर रेघा ओढत गेले. एकही रेघ आमच्या पेटीवाल्या बाईकडे गेली नाही. बहुतेक रेघा गावातल्या म्हाताऱ्या सुइणींकडे गेल्या. एका ठिकाणी कारण विचारलं, तर बाई हसली. "ती तर काल लग्न करून आलीय. तिला काय विचारायचं? आन तिला सासू दुसऱ्याच्या दारात तरी जाऊ देती का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या अर्जात अट होती, उमेदवार किमान सातवी पास. त्या गावांत सातवी पास कोण, तर नव्या सुना. त्यांच्याकडे औषध मागायला कोण जाणार?

आणि ती अट मी घातली होती. कमिटीने फक्त 'योग्य बाई निवडा' म्हटलं होतं. अर्ज टाइप करताना मला वाटलं, खऱ्या ऑफिसात शिक्षणाची अट असते. आपण नववीत सोडलेल्या, निदान अर्ज तरी पक्का दिसावा.

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे कमिटीला तूच सांगायचं, आणि येताना एका सुईणबाईला घेऊन ये.

मीटिंगला नगरचे साहेब, पाळकसाहेब, कमिटी, सगळे खुर्च्यांवर. मी आणलेल्या सुईणबाई, हौसाबाई, दाराशी जमिनीवर बसल्या. मी कागद उलगडून सगळं सांगितलं, अट माझी होती तेही सांगितलं. भालेरावकाका म्हणाले, "म्हणजे आता अंगठेवाल्या बायकांच्या हातात गोळ्या द्यायच्या? चुकीची गोळी गेली तर?" त्यांचं चुकत नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. त्या हौसाबाईंकडे बघत होत्या.

"मला न्हाई वाचता येत," हौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माज्या सुनंला येतं. तुमची पेटी तिच्याकडंच हाय की, फळीवर धूळ खात. ती वाचंल, मी दीन. मी संगट आसल्यावर तिला कोन आडवतंय? सासू तर मीच हाय."

साहेब हसले. पाळकसाहेबही हसले. भालेरावकाकांनी पेन काढलं आणि ठराव लिहायला घेतला: पेटी दोघींच्या नावावर, एक वाचणारी, एक देणारी. सहा महिन्यांची मुदत मिळाली. माझ्या चुकीबद्दल पाळकसाहेब एवढंच बोलले, "पुढचा अर्ज टाइप करण्याआधी मला दाखव."

पुढच्या रिफिलला सात पेट्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या आल्या. चार तशाच भरलेल्या राहिल्या. तिथे सून आणि सुईण जुळल्या नाहीत, आणि ते आम्हाला कधीच जमलं नाही. पण योजना चालू राहिली आणि मीही राहिले.

या धंद्यात मी एवढं शिकले: अट घालण्याआधी ती गावात कोण पुरी करतं ते बघून यावं. चालत जावं लागतं, पण स्वस्त पडतं.

मॅडम आता घरीच असतात. डोळ्यांनी वाचवत नाही म्हणून पेपर तसाच घडी घातलेला पडून राहतो, असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी तिला शब्द दिलाय. रिटायर झाले की नगरला महिनाभर राहायला येणार आणि रोज सकाळी मॅडमना पेपर वाचून दाखवणार, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अडखळेन. त्या थांबवतील, परत वाचायला लावतील. वाचेन.