शनिवारी तेल विकत आणत नाहीत

शनिवारी घरात तेल विकत आणत नाहीत. आमच्या भागात कुणालाही विचारा. आणि आमच्या गावचा बाजार नेमका शनिवारी. म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्या ज्या दिवशी माझ्या दारावरून जायच्या, त्याच दिवशी माझ्या लाकडी घाण्याला कुलूप. पहिल्यापासून असंच चाललंय म्हणून मी कधी डोकं चालवलं नाही. चालवलं ते माझ्या धाकट्या जावेनं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. सासर इकडं जतच्या बाजूला, जिथं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं आणि रानात ज्वारी नाहीतर करडई. इथं मी तेलाचा घाणा घालणार म्हटल्यावर माझे भाऊ हसले होते. आई तेवढी म्हणाली, "माजी लेक कायतरी करून दावंल." तेवढ्या शब्दावर मी घाणा घातला. गावात मला 'घाणेवाल्या वैनी' म्हणायला लागले. आईनं एकदा यावं आणि हे नाव स्वतःच्या कानानं ऐकावं, बाकी मला काही नको होतं. तिच्या गुडघ्यांमुळं ते राहत होतं.

जाऊ तेव्हा माझ्याच हाताखाली पेंड भरायची. सांगलीला तेल काढणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण होतं, तिथं मीच तिला घेऊन गेले. पडद्यावर परदेशातल्या ऑलिव्ह तेलवाल्या बायका दाखवल्या. बागा त्यांच्या, घाणे त्यांचे, कारभार त्यांचा. मला त्यांच्या हिरव्या काचेच्या उंच बाटल्या फार आवडल्या. जावेनं हात वर केला आणि विचारलं, "त्या पेंडीचं काय करत्यात?" सगळ्या हसल्या. मीही हसले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, चोथा परत झाडांच्या मुळाशी जातो, बियांवर भट्टी पेटते, वाया काही घालवत नाहीत. ही आपली मान हलवत ऐकत बसली.

मी तसल्याच बाटल्या आणल्या, छान लेबलं लावली आणि पाचगणीच्या एका दुकानात ठेवल्या. पर्यटक बाटली उचलायचे, ऑलिव्ह आहे का विचारायचे आणि करडई म्हटलं की खाली ठेवायचे. इकडं जाऊ एक दिवस म्हणाली, "अक्का, मी माजा येगळा घाणा घालू का?" घाल म्हणाले. मला काय माहीत ती खरंच घालेल. घरामागच्या परड्यात शेड मारलं, पत्र्यावर सोलर बसवला. लाईट गेली की माझा घाणा गप्प आणि भिंतीपलीकडं तिचा करकरतोय. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि मग तिनं पाटी लावली. पाटीवर नाव नाही, गाव नाही, नुसतं एवढंच: 'शनिवारी तेल विकत नाही. तुमची करडई आणा, तुमची किटली आणा. तेलही तुमचं, पेंडही तुमची.' मी तडक सासूबाईंकडं गेले. म्हटलं, शनिवारचा घाणा चालवतेय ती, तुम्हाला चालतं का? सासूबाई म्हणाल्या, "ती इकती कुटं? आपल्या करडीचं तेल आपुन घरी आणलं तर त्यात काय वंगाळ?" पुढच्या शनिवारी करडईची पिशवी घेऊन त्या स्वतः माझ्या दारावरून तिच्याकडं गेल्या. घरात दोन सुना, दोघींचे घाणे, आणि सासू गेली कुणाकडं तर तिच्याकडं.

बाजार उरकला की तिच्या परड्यात रांग लागायची. मेंढरं राखणाऱ्या बायका पेंडीसाठी लांबून यायच्या. प्लॅस्टिकची एक बाटली लागत नव्हती तिला. एका बाईनं तर मलाच, माझ्याच दारात विचारलं, "घाणेवाल्या वैनी कुटं ऱ्हात्यात?" मी म्हटलं, मला नाही माहीत.

अशाच एका शनिवारी दारात भावाची गाडी थांबली आणि आई उतरली. मागनं शेंगदाण्याचं पोतं आणि पितळी किटली. खणखणीत आवाजात म्हणाली, "गल्लीतल्या पोरीनं मोबाईलवर पाटीचा फोटू दावला. आपला दाणा न्यायचा, आपलं भांडं न्यायचं, शनवारीबी तेल मिळतंय. मागं मारुतीचं देऊळ दिसलं आणि मी वळखलं, हे लेकीचं गाव. सगळ्यांना सांगून आले, हे डोकं माज्या लेकीचं."

भिंतीपलीकडच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. माझ्या घाण्याला कुलूप होतं. खरं सांगितलं तर आईचा चेहरा पडणार, आणि खोटं बोलावं तर खरी मालकीण पाच हातांवर उभी.

जाऊ हात पुसत आली, आईच्या पाया पडली. "व्हय मावशी, अक्कांचंच डोकं हाय. मी त्यांच्याच हाताखाली शिकले."

"मग हिचा घाणा बंद का?"

"माज्याकडं निस्ती करडी गाळते. शेंगदाण्याला अक्कांचाच घाणा," असं म्हणून माझ्याकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घाणेवाल्या वैनी, कुलूप काढा की."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जावेच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "शिकून घे बाई. हिच्याकडनं शिकण्यासारखं लय हाय."

मी कुलूप काढलं. नशिबानं लाईट होती. आईनं ताज्या तेलात बोट बुडवून चाटलं आणि किटली मांडीवर घेऊनच गाडीत बसली.

गाडी गेल्यावर मी भिंतीपाशी गेले. म्हटलं, "कशाला केलंस हे?"

ती पेंडीचं पोतं शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची आई लांबनं आलीवती, अक्का."

सोलर तिला सुचला, पाटी तिला सुचली, ते मी एक वेळ गिळलं असतं. पण हेसुद्धा तिलाच सुचावं? त्या दिवशी तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

आता शनिवारी माझाही घाणा चालू असतो, शेंगदाण्याचा. आईचा फोन येतो. गुडघ्यांचं सांगून झालं की हटकून विचारते, "ती तुजी जाऊ शिकली का कायतरी तुज्याकडनं?"

मी म्हणते, "शिकतीया हळूहळू."