सासूबाईंनी हीटिंग बंद केलं आणि आम्ही विजेचा रेट फिक्स केला

मंडळी, अखेर आज विजेचा रेट फिक्स केला. का, ते सांगते.

इथे वेस्ट विंडसरला आमचं हीटिंग विजेवर चालतं आणि प्लॅन दर महिन्याला रेट बदलणारा. मी म्हणायचे, "फिक्स करून टाकू." नवरा म्हणायचा, "थांब गं, उतरेल." रेट चढतच गेला आणि आमचे आवाजही.

आज दुपारी ऑफिसमधून लवकर आले, तर घर गारठलेलं. नागपूरहून आलेल्या सासूबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर नवऱ्याचं जाकीट घालून सोफ्यावर बसल्या होत्या.

"आई, हीटिंग का बंद केलंत?"

"तुम्ही दोघं गेलात की रोजच बंद करते. माझ्या एकटीसाठी कशाला जाळायची वीज? बिलावरून भांडता, ते ऐकू येतं मला."

मी हीटिंग लावलं, चहा टाकला आणि नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आत्ताच फिक्स कर."

वर्षभरासाठी केला. पुढच्या महिन्यात रेट उतरेलही कदाचित, उतरू दे.

तुमच्यापैकी कोणी अजून थांबलंय का? आणि तोवर घरात कोणी कुडकुडत नाहीये ना?