सतरावा बदल

दारावर लिंबू-मिरची दिसली की मला हसू यायचं. सगळी नोकरी कॉम्प्युटरवर गेली. मशीन जे करतं त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही... हे मी हाताखालच्यांना ठणकावून सांगत आलो. तरी आज हे लिहितोय, कारण यात एक माणूस गेलाय आणि त्यात माझाही हात आहे.

बुऱ्हाणपूरला, शहर संपून केळीच्या बागा सुरू होतात तिथे आमची सूतगिरणी होती. ऑफिसमागच्या एसी खोलीत मेनफ्रेम कॉम्प्युटर — चार कपाटांएवढं धूड. चपला बाहेर काढायच्या, दार उघडं ठेवायचं नाही, धूळ गेली की टेप बिघडते. त्या खोलीचे राजे म्हणजे वानखेडे काका. खकनारचे, रिटायरमेंटला आलेले, डब्यात रोज दोन केळी जास्त आणणारे. एक माझ्यासाठी असायचं.

त्या वर्षांत हेड ऑफिसला इंटिग्रेशनचं वेड लागलं होतं. सगळ्या गिरण्यांची मशीनं एकाच पद्धतीने चालली पाहिजेत, म्हणून नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची. आता, काकांनी जुन्या सिस्टिममध्ये आपल्या गरजेप्रमाणे अठरा बदल करून ठेवले होते. नवी चढवली की ते जातात. हवे ते एकेक करून पुन्हा बसवावे लागतात. पुण्याला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात हवा गेली होती.

काकांचं एक रजिस्टर होतं. बदलाचा नंबर, काय केलं, कारण. सतराव्या नंबरसमोर लिहिलं होतं — दर अर्ध्या तासाने ऑपरेटरला 'आहात का?' विचारणे, दहा मिनिटांत बटण दाबलं नाही तर गेटवरच्या प्रिंटरवर निरोप छापणे. कारणाचा रकाना कोरा.

"काका, हेड ऑफिसचा नियम आहे. कारण नसेल तर बदल पुढे न्यायचा नाही."

"कारण काय लिहू भाऊ? एकटा माणूस असतो, एवढंच."

"हे कारण चालत नाही हो."

"तुझं काय बिगडतंय त्याच्यानं? राहू दे ना."

मी हसलो. एक ओळ खरडली असती तर काम झालं असतं, हेड ऑफिसमधून कोणी तपासायलासुद्धा येणार नव्हतं. पण मला माझी यादी स्वच्छ हवी होती. बाकीचे सतरा बदल नेले, सतराव्या नंबरचा तेवढा सोडला. काकांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि केळं सोलायला लागले. शनिवारी मी गेटवरच्या प्रिंटरची वायरही मशीनमागून काढून गुंडाळून ठेवली. आता तिचं काम नव्हतं.

रविवारी गिरणी बंद. नव्या सिस्टिमवर टेपांची कॉपी घ्यायची होती, तासन् तास चालणारं काम. माझ्या घरी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. "काका, तुम्ही बसा, मी चारला येतो," असं सांगून मी निघालो.

पावणेतीनला शेजारच्या मेडिकलमध्ये माझ्यासाठी फोन आला. गेटवरचा वॉचमन सीताराम.

"साहेब, इथं प्रिंटरवर कागद निघालाय. 'मशीनजवळचा माणूस उत्तर देत नाही' असं लिहून आलंय."

"शक्यच नाही. तो प्रोग्राम मी काढलाय. काहीतरी कचरा छापला असेल. फाडून टाक."

"आत जाऊन बघू का एक बार?"

"अजिबात नाही! टेप चालू आहे, दार उघडू नको."

हे माझे शब्द. एकही बदललेला नाही.

फोन ठेवला, पाहुण्यांना दराबा, आमच्याकडची मिठाई, वाढला, चारला गिरणीत पोचलो. काका खुर्चीत होते, डोकं कन्सोलच्या टेबलावर. डबा उघडा, त्यात एक केळं शिल्लक. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून मला विचारत होत्या, "तू होतास ना रे सोबत?"

काकांचे दिवस झाल्यावर मी शोधायला बसलो. नवी सिस्टिम ओळ न् ओळ तपासली — सतरावा बदल कुठेच नव्हता. जुन्या सिस्टिमची डिस्क कुलूपबंद कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात. ऑपरेटरपुढच्या कन्सोलमधून मशीनचे निरोप छापून निघतात, त्या कागदावर त्या दुपारी फक्त टेपांचे निरोप, 'आहात का?' एकदाही नाही. आणि प्रिंटरची वायर मी ठेवली होती तशीच गुंडाळलेली, सुतळी बांधलेली. पुण्याच्या माझ्या सरांना सगळं दाखवलं. त्यांनी दोन दिवस घालवले आणि म्हणाले, "तुमच्या गेटवाल्यानेच गंमत केली असेल." सीतारामला साधं टाइप करता येत नव्हतं.

तो बदल मी माझ्या हाताने परत बसवला, वायरही जोडली. मशीन भंगारात जाईपर्यंत आणखी तीनदा सिस्टिम बदलली. तिन्ही वेळा आधी सतरावा नेला, मग बाकीचे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय — एकटा माणूस असतो, एवढंच. हेड ऑफिसने कधीच विचारलं नाही.

सीतारामने कागद फाडला नव्हता. घडी करून मला आणून दिला. शाई आता पुसट झालीय, पण दोन चाळीसची वेळ वाचता येते. हा कागद कोणी छापला, मला अजूनही माहीत नाही. फाडायला कोणी सांगितलं होतं, ते मात्र माहीत आहे.