डगचे तीन प्रश्न

आमच्या रग्बी क्लबातले जुने चारजण दुबईत कुठंही भेटलो, की चहा येईपर्यंत डगचा एखादा किस्सा निघतोच. बाकीच्यांपेक्षा माझ्याकडे जास्त आहेत, कारण मी त्याचा बर्फवाला. आमचं केटरिंग होतं. मॅचला बर्फ आणि संत्री पाठवता पाठवता मीच साइडलाइनवर उभा राहायला लागलो.

*

डग न्यूझीलंडकडून रग्बी लीग खेळलेला. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कोच म्हणून आला, तेव्हा वाटलं, हा ग्राउंड बघूनच परत जाणार. ग्राउंड कसलं, अल बर्शाकडची नुसती वाळू! त्यानं बूट काढले आणि अनवाणी अख्खं मैदान फिरून खडे वेचले. पाच मिनिटांत आमच्यातले बँकेतले साहेबसुद्धा वाकले होते. पुढं दर प्रॅक्टिसला आधी खडे, मग बॉल.

*

त्याचा एक नियम होता. कुणाच्या डोक्याला मार बसला, की मी बर्फ घेऊन पळायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. समोर कुठली टीम? स्कोअर किती? शेवटचा ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, कुणी केला? एक जरी चुकला तरी गडी बाहेर. डग फक्त "खलास" म्हणायचा.

फायनलला आमचा कॅप्टन पीटरच चुकला. खोर फक्कानच्या बंदरावरून दोन तास गाडी हाणत प्रॅक्टिसला येणारा माणूस. अगदी गयावया केली त्यानं. डग म्हणाला, "फायनल पुढच्या वर्षी परत येईल. डोकं येणार नाही."

आम्ही हरलो. पीटर महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

*

हा नियम आणला कुठून, असं एकदा कुणीतरी विचारलं.

"माझ्या शेवटच्या इंटरनॅशनल मॅचमध्ये मी ट्राय केला, हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं," डग म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही.

*

दोन हजार साल उलटून गेलं होतं. डग ऊद मेथाच्या आमच्या घरी जेवायला आला. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. माझ्या मुलीला त्यानं तासाभरात तीनदा नाव विचारलं. तिसऱ्यांदा ती वैतागली, "आय टोल्ड यू, अंकल!"

तिचं नाव मृण्मयी. बायको म्हणाली, गोऱ्यांना आपली नावं जडच जातात. मीही तेच मानलं. आज त्याची लाज वाटते.

*

त्याच सीझनची गोष्ट. हाफटाइमला डगनं पोरांना काय करायचं ते समजावलं. पाणी पिऊन झालं, तर तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पीटरला वॉर्मअप करायला सांग."

पीटरनं खेळणं सोडून दोन वर्षं झाली होती.

पोरं खाली बघत मैदानात गेली. मी बर्फाची पिशवी घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याची पाठ स्कोअरबोर्डकडे होती.

"डग, समोर कुठली टीम आहे?"

त्यानं मैदानावरच्या जर्सींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"स्कोअर किती?"

त्यानं मान वळवली नाही. वळवली असती तर स्कोअर दिसला असता.

मी तिसरा प्रश्न विचारायच्या आतच त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, माझ्या हातातला बर्फ घेतला आणि बदली खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसला.

"खलास," तो म्हणाला.