मिटल्या डोळ्यांना काय दिसतं

देगलूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. त्या शनिवारी सकाळच्या शाळेत ‘आयडिएट’ हे क्रियापद आलं. मनात कल्पना घडवणं, एवढाच अर्थ गाइडमध्ये असतो. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. मुळातला ‘आयडिया’ शब्द ग्रीकांचा. त्याचा आधीचा अर्थ रूप, डोळ्यांना दिसणारं; आणि त्याच्याही मुळाशी पाहणं. म्हणून मी वर्गाला डोळे मिटायला लावते आणि काय दिसतं ते विचारते. कुणाला नवा ट्रॅक्टर दिसतो, कुणाला माहूरचा डोंगर. एकीला समोसा दिसला. वर्ग खिदळला, पण शब्द डोक्यात बसला.

दुपारी लातूरहून डबा परत आला. माझी मुलगी तिथं मेडिकलच्या क्लाससाठी होस्टेलवर राहते. आमच्याकडं पोरांचे डबे एसटीनं जातात आणि रिकामे होऊन एसटीनंच येतात. हा जड लागला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सगळं जसंच्या तसं. फोन लावला, तर बंद.

डबा तसाच पिशवीत टाकून मी मिळेल ती गाडी धरली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. उदगीर येईपर्यंत मी जे जे पाहिलं ते सांगवत नाही. डोळे उघडे ठेवले तरी दिसायचंच. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर मी त्याला होस्टेलचा पत्ता सांगितला.

मुलगी होस्टेलच्या पायरीवर बसलेली होती. मी आधी तिचे हात चाचपले, मग तिच्यावर ओरडले.

“डबा का खाल्ला न्हाईस?”

“भूकच लागत न्हाई, मम्मी.”

“अन् फोन?”

“होस्टेलच्या ऑफिसात जमा केलाय. टेस्ट चालू हायेत.”

मास्तरीणच मी. म्हटलं, “डोळे मीट. काय दिसतंय?”

हा खेळ ती लहानपणापासून खेळत आली. तेव्हा तिला हटकून एक डॉक्टरीण दिसायची, पांढऱ्या कोटातली, स्वतःसारखीच दोन वेण्या घातलेली.

तिनं डोळे मिटले. “गोल,” ती म्हणाली. “उत्तरपत्रिकेवरचे. काळे करतेय मी, पण संपतच न्हाईत.”

“अन् डॉक्टरीण?”

“ती दिसत न्हाई आता.”

मी खोलीत जाऊन तिची बॅग भरली. उद्या टेस्ट हाय, ती म्हणाली. असू दे, म्हटलं. माझं चुकत असेल, हेही कळत होतं.

गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. उदगीरच्या पुढं तिला जाग आली.

“मम्मी, डबा हाय का?”

मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवला.