लिस्बनवाल्या टीचर

“इथं शूटिंग करता येईल.”

कुठेही गेलं की टीचर आधी थांबायच्या, मान तिरकी करायच्या, चर्चमधून आणलेला घडीचा कागद कपाळाला लावून ऊन अडवायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. समोर काय असायचं? टार्निटमधलं नवं राउंडअबाउट. हार्डवेअरच्या दुकानाचं पार्किंग. अर्धी बांधलेली घरं आणि त्यांच्या पुढ्यातली मुळं न धरलेली झाडं. मेलबर्नच्या पश्चिमेला इतकी सपाट, इतकी एकसारखी वस्ती दुसरी नसेल, पण टीचरना तिथेही हिरो कुठून येईल आणि हिरोईन कुठे वळून बघेल ते दिसायचं.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यांची एक गोष्ट अजून सांगितली जाते. वसईच्या एक विधवा बाई होत्या, त्या एका सभ्य गृहस्थाच्या मागे लागल्या होत्या, त्यांना युरोपला घेऊन जायला निघाल्या होत्या, गृहस्थ शहाणे म्हणून वाचले. ते सभ्य गृहस्थ म्हणजे मी. आणि ही गोष्ट खोटी आहे.

टीचर पहिल्यांदा भेटल्या त्या तळ्याकाठी. तळं म्हणजे पावसाचं पाणी साठायला बिल्डरने खणलेला खड्डा, पण भोवती फिरायला वाट होती, दोन-चार बदकंही होती. मी मुलाकडे कायमचा राहायला आलो होतो. बायको त्याआधीच वारली होती. मुलगा-सून सकाळी अंधारातच गाड्या काढायचे, नात शाळेत, आणि मी त्या वाटेवर. समोरून फिकट साडीवर जाड जॅकेट घातलेल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “आपण कुठले?”

ते जुन्या शाळेतलं अदबीचं ‘आपण’ होतं. इथे नात मला “आबा, यू कमिंग?” म्हणते, मराठी पोरं आजोबांना बेधडक “तू” म्हणतात. ते ‘आपण’ ऐकून मी स्वेटर खाली ओढून नीट केला.

“ठाण्याचा.”

“मग जवळचेच. मी वसईची. मराठी शाळेत टीचर होते.”

तेव्हापासून मी ठाणेकर आणि त्या टीचर. दोघांनीही एकमेकांची नावं कधी वापरली नाहीत. त्यांची मुलगी हॉस्पिटलात नर्स होती आणि टीचर तिच्या मुलांना सांभाळायला आल्या होत्या. मुलं मोठी झाली, सांभाळण्यासारखं काही उरलं नाही, पण परत जाण्यासारखंही कुणी वसईत उरलं नव्हतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरात त्यांना कुणी काही कमी करत नाही, आणि तरी रस्त्यात कुणी मराठी बोललं की ती उगाच दहा पावलं जास्त चालतात.

त्या मला वसईहून आलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, द्यायच्या. “डायबेटिस आहे, टीचर,” म्हटलं की म्हणायच्या, “वास घ्या आणि सुनेला द्या.” मी बुद्धपौर्णिमेची खीर डब्यात घालून त्यांच्याकडे नेली तर डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यांनी त्यात केक भरून दिला. तोही सुनेनेच खाल्ला.

आणि मग सिनेमा. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही. वसईच्या थिएटरात तो जेमतेम आठवडाभर टिकला होता. अर्धाअधिक लिस्बनमध्ये घेतलेला. त्यात चढावरून कण्हत जाणारी पिवळी ट्रॅम होती, निळ्या फरशांची भिंत होती आणि एक लांबलचक दगडी जिना होता. जिन्याच्या वरच्या टोकाला हिरोईनच्या पिशवीतून संत्रं पडतं, टप्पे घेत खाली जातं आणि खाली उभा असलेला हिरो ते बुटाने अडवतो. एवढीच त्यांची ओळख, पुढे सगळं गाणं.

टीचरचं लग्न ठरलं होतं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याबरोबर त्यांनी तो पाहिला. बरोबर पाहिला म्हणजे मध्ये मावशी बसली होती. संत्र्याचा सीन आला तसा नवरामुलगा मावशीच्या पाठीमागून वाकला आणि कुजबुजला, “आपण जाऊ हां तिथे.”

मावशी मोठ्याने म्हणाली, “कुठे? इंटरव्हल व्हायचाय अजून!”

हे सांगताना टीचर दर वेळी इतक्या हसायच्या की डोळे पुसावे लागायचे. मग कागदाची घडी पुन्हा घालत म्हणायच्या, “पासपोर्ट काढले होते आम्ही. दोघांचे.” नवरा निवृत्त झाला त्याच वर्षी गेला.

टीचरच्या नातीने तो सिनेमा इंटरनेटवरून कुठून तरी शोधून दिला. प्रिंट पार धुतलेली. आम्ही लायब्ररीत खिडकीजवळ टॅब्लेट घेऊन बसू लागलो. सिनेमा जागोजाग थांबवायचा आणि मग नकाशावर लिस्बनच्या गल्ल्यांतून बोट फिरवत तीच भिंत, तोच कठडा शोधायचा. मी नोकरीभर नगररचना खात्यात नकाशेच काढले होते, त्यामुळे मला चेव आला. नदीकाठचा चौक सहज मिळाला. निळी भिंत मिळाली. जिना काही सापडेना, आणि एका दुपारी सापडला. दारांचा रंग बदलला होता, पण पायऱ्यांच्या मधोमधचा लोखंडी कठडा आणि वळणावरचा दिवा तसाच होता. टीचर टॅब्लेटला हात न लावता बघत राहिल्या.

मी म्हणालो, “जाऊ या की. दोघं.”

हे मी म्हणालो. त्यांनी नाही. हेच सांगायला मी हे सगळं लिहितोय.

त्यांनी कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “लोक?”

“लोकांचा काय संबंध?” मी म्हणालो. आवाज बहुधा मोठा झाला असावा, कारण काउंटरवरच्या मुलीने वर पाहिलं.

त्यानंतर टीचरच्या बोलण्यातलं ‘आपण’ हळूहळू बदलत गेलं. आपण त्या बाकापर्यंत जाऊ. आपण ट्रॅमची उजवीकडची खिडकी धरू. आपण संत्रं तिथेच विकत घेऊ. माझं काम ठरलेलं होतं: मी जिन्याच्या खाली थांबायचं, त्या वरून संत्रं सोडणार. एकदा तळ्याच्या बांधावर आम्ही तालीमही केली. टार्निटच्या त्या उतारावर संत्रं हातभर गेलं आणि गवतात बसलं. एक बदक येऊन त्याच्याकडे संशयाने बघून गेलं.

“हिरोलाच वर यावं लागेल,” टीचर म्हणाल्या.

त्यांच्या मुलीने त्यांचं तिकीट काढलं. माझं माझा मुलगा काढणार होता. घरी सांगितलं तेव्हा नात म्हणाली, “आबा, इज शी युअर गर्लफ्रेंड?” सगळे हसले. मुलगा म्हणाला, “बाबा, जा ना, नो वरीज. शनिवारी बसून बुक करू.” घरून काहीच अडचण नव्हती. मी तरी म्हणालो, “बघू, घाई नाही.” नातीचा तो शब्द माझ्या कानात अडकून बसला होता.

कट्टा बुधवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये भरायचा. आमच्यात एक निवृत्त बँक मॅनेजर होते, सगळ्यांना हसवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं. त्या बुधवारी मी आत शिरतोय तोच ते ओरडले, “काय हो ठाणेकर, हनिमूनला लिस्बन म्हणे!”

बायका तोंडावर पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते धरून हसल्या. कुणी तरी टाळी दिली. मी उत्तर शोधत नव्हतो, ते आपोआप आलं.

“छे हो! टीचरच मागे लागल्यात. आपण नाही बुवा त्यातले.”

नाक्यावरची पोरं म्हणतात तसलं ते ‘आपण’. एकट्याचं. हॉल खदखदून हसला. मीही हसलो.

टीचर चहाच्या टेबलाशी होत्या. माझ्या मागे, पाच-सहा हातांवर. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, दुसरा उचलला, भरला आणि माझ्याजवळ आणला. चेहऱ्यावर शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर असतं तसं हसू.

“आपल्याला साखर किती?” त्यांनी विचारलं.

मला साखर चालत नाही हे त्यांना माझ्या सुनेइतकंच माहीत होतं. पहिल्या दिवसाचं अदबीचं ‘आपण’ त्यांनी मला परत केलं होतं.

मी तेव्हाच तिथे सगळ्यांना सांगायला हवं होतं. “बिनसाखरेचा,” एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या तळ्याकाठी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मेसेज केला की तब्येत बरी नसते, एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही. तब्येत ठणठणीत होती. त्यांचं उत्तर आलं, “काळजी घ्या.”

टीचर एकट्या गेल्या.

परत आल्यावर कट्ट्याने त्यांना प्रवासाचं सांगायला उभं केलं. त्यांनी छान सांगितलं, शिकवण्याची सवय होती. लिस्बनची चर्चं बघून त्यांना वसईतच असल्यासारखं वाटलं. ट्रॅममध्ये इतकी गर्दी की खिडकी दिसलीच नाही. निळ्या भिंतीपुढे एका जोडप्याने त्यांच्या हातात फोन दिला आणि त्या जोडप्याचे भरपूर फोटो काढून झाल्यावर ती दोघं थँक यू म्हणून गेली, यांचा फोटो काढायचा राहूनच गेला. “मी त्या मुलीला मराठीतच म्हटलं, अगं, माझा एक काढ की. तिने मला टाटा केलं.”

सगळे हसत होते. मग जिन्याचं आलं.

“वरून संत्रं सोडलं,” टीचर म्हणाल्या. “सिनेमातल्यापेक्षा भारी टप्पे घेतले त्याने. खाली कुणी नव्हतं. मग ते सरळ रस्त्यावर गेलं आणि एका गाडीच्या खाली जाऊन बसलं. मी इतक्या पायऱ्या उतरले, वाकले, हात पोचेना. गुडघे टेकून बसले तिथे रस्त्यात! शेवटी एका माणसाने काढून दिलं; तो धावत आला होता, त्याला वाटलं म्हातारी पडली.”

हॉलभर हशा. मी बुटांकडे बघत होतो.

बँक मॅनेजर म्हणाले, “कंपनी नाही ना मिळाली, टीचर! ठाणेकर निसटले!”

त्या क्षणी एका वाक्यात त्या मला उघडा पाडू शकत होत्या. ‘जाऊ या’ कोण म्हणालं, लायब्ररीत आवाज कोणी चढवला, जिन्याखाली कोण उभं राहणार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “संत्रं मात्र गोड निघालं हं,” म्हणाल्या आणि बसल्या.

त्यानंतर त्या कट्ट्यावर फार आल्या नाहीत. मुलीला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि सगळे तिकडे गेले. इथे मात्र ‘लिस्बन’ हा शब्द राहिला. कुणी विधुर कुणा बाईला गाडीतून सोडायला निघाला की हमखास आवाज येतो, “लिस्बनला का?” नवीन आलेल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला जातो. मी शेजारीच बसलेला असतो.

गेल्या महिन्यात ग्रुपवर टीचर गेल्याचा मेसेज आला. खाली हात जोडल्याची चित्रं आली, आणि त्यांत कुणी तरी विचारलं, “कोण, त्या लिस्बनवाल्या का?” दुसऱ्याने लिहिलं, “हो, त्याच.” मी टाइप करायला घेतलं आणि बोटं थांबली. एवढं सगळं त्या चौकोनात कसं मावणार? म्हणून इथे लिहितोय, आणि लिहून झालं की हे ग्रुपवर टाकणार आहे. बँक मॅनेजरांनी वाचावं. सगळ्यांनीच वाचावं.

पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायची एक संधी मला मिळाली होती. त्या डार्विनला गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या मुलीकडून नंबर मिळवला आणि एका दुपारी घर रिकामं बघून फोन लावला. वाक्य पाठ केलं होतं: टीचर, मी भित्रा निघालो. तुम्हाला सगळ्यांसमोर खाली पाडलं आणि तुम्ही मला सांभाळलंत. मला माफ करा.

“अरे वा, ठाणेकर!” त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण आनंद खरा होता. तिकडे उत्तरेला उन्हाळ्यातच पावसाचे दिवस, घामाने जीव जातो म्हणाल्या. अंगणातले आंबे वटवाघळं खातात म्हणाल्या. माझी साखर विचारली, सुनेची चौकशी केली, नात युनिव्हर्सिटीत गेली का विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. मग विचारायचं संपलं.

“काही सांगायचं होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “सहज केला होता.”

त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. पलीकडे पत्र्यावर पाऊस पडत होता, तो मला ऐकू येत राहिला. त्या थांबल्या होत्या. मग मीच फोन ठेवला.