संग्रहात आधी चढलेला प्रबंध

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी कंत्राटावर होतो. शोधप्रबंध स्कॅन करून डिजिटल संग्रहात चढवायचे, एवढंच काम. त्यातल्या एका प्रबंधाची मला आजही किळस येते, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

आमच्याकडं रीत अशी, की नवे प्रबंध आधी चढवायचे. जुने टाइप केलेले तळघरात पडून. सवड मिळाली तर बघू म्हणायचं, आणि सवड कुणाला मिळतीय! नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर मात्र संग्रहात आहे तेवढंच बघतं. म्हणजे आधी चढला तो मूळ, मागून आला तो चोर.

एकदा दुष्काळातल्या विहिरींवरचा नवाकोरा प्रबंध हातात आला. वाळूजकडची गावं, यंदाची पाहणी, दोरीला गाठी मारून मोजलेलं पाणी. त्यात आमच्या मारुतीच्या देवळामागची विहीरही होती. अरे, ती विहीर बुजवून आमची बिल्डिंग उभी राहिली, तिथं मी रोज स्कूटर लावतो! ह्यानं पाणी मोजलं कुठं, माझ्या डिकीत?

तळघरात शोधलं तर मूळ सापडलं. आधीच्या दुष्काळात एका बाईनं वैजापूरकडं गावोगाव पायी फिरून केलेलं काम. ह्या पठ्ठ्यानं फक्त गावांची नावं आणि सालं बदललेली. टायपिंगच्या चुकासुद्धा तशाच. मार्गदर्शक दोघांचे एकच, आणि माझ्या कंत्राटावर सही करणारेही तेच. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तू स्कॅन कर, वाचत बसू नको. मी मुकाट्यानं चढवला. थू माझ्यावर.

काही महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, त्या बाई स्वतः आल्या. एका कॉलेजात शिकवत होत्या. बढतीसाठी स्वतःच्याच प्रबंधातून लेख लिहिला, तर तो नक्कल केलेला म्हणून परत आला होता, त्याच नव्या प्रबंधावरून. आता बढती तर जाणारच होती, वर चोर म्हणून चौकशी बसणार होती.

"दादा, माझा प्रबंध इथं कधी जमा झाला, एवढंच लिहून द्या," त्या म्हणाल्या.

जमा-नोंदीचं रजिस्टर माझ्या कोपराखालीच होतं. पुढच्या आठवड्यात कंत्राटावर सही व्हायची होती. मी म्हणालो, "जुनी रजिस्टरं सापडत नाहीत, मॅडम."

जाऊ द्या, तुमची काय चूक त्यात, म्हणाल्या. मला दरदरून घाम फुटलेला. ग्रंथालयाचा कूलर कोरडा होता, म्हणून त्यांनी पिशवीतली स्वतःची बाटली काढून माझ्यापुढं धरली. मी ते पाणी प्यालो.